शेतमालकाची परवानगी काढून ससे-कबुतरं मारायची तर: इंग्लंडमधल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. गेली बरीच वर्षं श्रॉपशरमध्ये राहतो आणि सुट्टीच्या सकाळी दोन शेतांवर ससे नि रानकबुतरं मारायला जातो. गणपतीत किंवा दिवाळीच्या जेवणात हे कुणाला कळलं की पुढच्या आठवड्यात फोन येतोच: "आम्हालाही जायचंय, परवानगी कशी काढायची?" तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. मी वकील नाही. सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडसाठी प्रश्न २० आणि आपल्या गावासाठी प्रश्न २१ पाहा.

१. इथे ससे, कबुतरं मारणं खरंच कायदेशीर आहे? आपल्याकडे ससा मारला की वनखातं दारात येतं.

कायदेशीर आहे, पण अटींवर. इथला ससा मूळचा इथला नाही. नॉर्मन लोकांनी मांसासाठी आणि कातड्यासाठी तो पाळला, तो सुटला आणि पिकांच्या मुळावर आला. १९५४च्या पेस्ट्स अॅक्टनुसार ससे आटोक्यात ठेवणं ही जवळजवळ सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये जमीन कसणाऱ्याची जबाबदारी आहे. म्हणजे आपल्याकडे जो प्राणी मारला तर गुन्हा, तो इथे नाही मारला तर शेतकऱ्याला नोटीस येऊ शकते. रानकबुतराचं वेगळं आहे. तो पक्षी संरक्षितच आहे, पण पिकासाठी सूट आहे (प्रश्न १२). करडी खार परदेशी आणि उपद्रवी, ती बारा महिने मारता येते. लाल खार मात्र संरक्षित आहे, तिच्याकडे बंदूक वळवायचीसुद्धा नाही.

२. इथे कुंपण नाही, पाटी नाही, मधून पायवाट जाते. तिथेही परवानगी लागते?

लागते. इंग्लंडमध्ये बेवारस रान नावाची गोष्ट जवळपास नाही. 'कॉमन' म्हणतात त्या गायरानासारख्या जमिनीलाही कुणीतरी मालक असतो. गावकऱ्यांना तिथे चराईचा हक्क असेल, तुम्हाला फिरायचा असेल. बंदूक चालवायचा कुणालाही आपोआप नसतो. पायवाटेचा हक्क तर फक्त चालत जाण्याचा. कौन्सिलची जागा, रेल्वेचा कडेचा पट्टा, सरकारी जंगल, हे सगळं विसरा.

३. माझ्याकडे नुसती छऱ्याची एअरगन आहे. लायसन लागत नाही, मग परवानगी कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यातच माणसं अडकतात. १२ फूट-पाउंड (छऱ्याच्या ताकदीचं माप) एवढ्या ताकदीपर्यंतची एअर रायफल अठरा वर्षांवरच्या माणसाला इंग्लंड-वेल्समध्ये लायसनशिवाय ठेवता येते, हे खरं. पण १९६८च्या फायरआर्म्स अॅक्टच्या दृष्टीने ती बंदूकच आहे. परक्याच्या रानात नुसतं शिरणं इथे बहुतेक वेळा दिवाणी भानगड असते. मालक फार तर "चालते व्हा" म्हणेल. हातात बंदूक असली, एअरगन का असेना, की तेच शिरणं त्या कायद्याच्या कलम २०खाली फौजदारी गुन्हा होतं. ससा मारला की नाही याला महत्त्व नाही.

त्याच कायद्याचं कलम १९ सार्वजनिक जागेत वाजवी कारणाशिवाय बंदूक बाळगण्याबद्दल आहे. घरून शेतावर जाताना ते 'वाजवी कारण' तुमच्या खिशात हवं, म्हणजे परवानगीचा कागद. बंदूक रिकामी आणि गवसणीत हवी. पोलिसांनी विचारलं आणि कागद दाखवला तर संभाषण दोन मिनिटांत आटपतं. माझं एकदा आटपलंय.

४. जमीन कुणाची हे कसं शोधायचं? इथे सातबारा असतो का?

सातबारा नाही. 'लँड रजिस्ट्री'कडे थोडी फी भरून मालकाचं नाव आणि नकाशा ऑनलाइन मिळतो, पण पिढ्यान्‌पिढ्या न विकलेली बरीच जमीन तिथे नोंदलेलीच नसते. शिवाय सातबाऱ्यावर जसं कोण कसतो, काय पीक आहे हे दिसतं, तसं तिथे काही दिसत नाही. कागदापेक्षा गावातला पब, शेतीमालाचं दुकान आणि जनावरांचा बाजार जास्त उपयोगी पडतात. "त्या उताराच्या रानात मेंढ्या कुणाच्या?" असं विचारा. मालक माहीत नसला तरी मेंढ्या कुणाच्या हे सगळ्यांना माहीत असतं.

५. परवानगी मालकाची घ्यायची की कसणाऱ्याची?

इथे नीट लक्ष द्या, कारण परवानगी आहे असं समजून गुन्हा करणारी माणसं इथेच सापडतात.

जमिनीचा मालक स्वतःच कसत असेल तर प्रश्न मिटला. पण बरीच शेतं मोठ्या इस्टेटींची असतात आणि शेतकरी खंडाने कसतो, आपल्याकडच्या कुळासारखा. अशा करारात शिकारीचे हक्क बऱ्याचदा मालक स्वतःकडे ठेवतो आणि दुसऱ्याच कुणाला भाड्याने देतो. तेव्हा एकाच रानात तीन माणसं असतात: जमिनीचा मालक, कसणारा शेतकरी आणि शिकारीचा हक्क घेतलेला गट.

मग कसणाऱ्याच्या हाती काय उरतं? १८८०चा ग्राउंड गेम अॅक्ट त्याच्याच बाजूने झाला. त्याआधी जमीनदाराच्या शिकारीसाठी राखलेले ससे कुळाचं पीक फस्त करायचे आणि त्याला ते मारायचीही सोय नसायची. या कायद्याने साधे ससे आणि मोठे रानससे मारण्याचा हक्क कसणाऱ्याला मिळाला, आणि तो करारात लिहूनसुद्धा काढून घेता येत नाही. कूळकायद्यावर वाढलेल्या आपल्या माणसाला हे पटकन समजतं.

मेख पुढे आहे. केवळ या कायद्याच्या आधारावर बंदूक वापरायची तर शेतकरी स्वतः आणि त्याने लेखी अधिकार दिलेला आणखी एकच माणूस, एवढ्यांनाच वापरता येते. तो माणूसही कुणीही चालत नाही: त्याच्या घरात राहणारा, त्याच्या नोकरीतला किंवा याच कामासाठी मोबदल्यावर नेमलेला हवा. म्हणजे खंडकरी शेतकरी "तू आणि तुझे चार मित्र या की" असं मनापासून म्हणाला तरी त्याला तसं म्हणायचा अधिकार नसतो. म्हणून पहिल्या भेटीतच सरळ विचारा: "शिकारीचे हक्क तुमच्याकडे आहेत की इस्टेटीकडे?" हा प्रश्न विचारणारा माणूस जाणकार वाटतो, हा वरचा फायदा. इस्टेटीकडे असतील तर त्यांच्या लँड एजंटचं, म्हणजे जमिनीचा कारभार पाहणाऱ्याचं, पत्रही घ्या.

६. शेतकऱ्याकडे जायचं कसं? चिठ्ठी टाकू, फोन करू की थेट दारात?

दारात जा. एकटे जा. बंदूक घरी ठेवून जा, गाडीतसुद्धा नको.

माझ्या पहिल्या आठ ठिकाणी नकार आला. तेव्हा वाटलं, माझं नाव आणि रंग पाहून आला असेल. एखाद्या ठिकाणी तसं असेलही. पण नंतर ज्या म्हाताऱ्याने होकार दिला त्याच्याशी ओळख वाढल्यावर त्याने सांगितलं की महिन्यातून दोघं-तिघं तरी अशी दारात येतात आणि तो सगळ्यांना हाकलतो. मग मला का नाही हाकललं? तर मी गेलो तेव्हा त्याची एक मेंढी तारेत अडकली होती, आणि मी बूट चिखलात घालून ती धरली. बोलणं मेंढीपासून सुरू झालं, माझ्या वडिलांच्या उसापर्यंत पोचलं, आणि सशांचा विषय शेवटी त्यानेच काढला.

मेंढी काही तुमच्यासाठी अडकून बसणार नाही. पण आपल्यातले निम्मे लोक शेतकऱ्यांची पोरं आहेत आणि हेच आपण इथे लपवतो. ऑफिसातलं इंग्रजी, स्वच्छ जॅकेट, "आय अॅम अ प्रोफेशनल" हे सगळं शेतकऱ्याच्या दारात उलटं पडतं. दोन एकर का असेना, घरी शेती आहे, डुकरं भुईमूग उकरतात, हे सांगा. त्याला ते ताबडतोब कळतं.

बोलण्यातही "मला शिकारीची आवड आहे" ही सुरुवात नको. त्याला तुमच्या आवडीचं काय? "त्या वरच्या कोपऱ्यात गहू बांधापासून वीस पावलं खाल्लेला दिसला, ससे आहेत ना?" असं विचारा. त्यासाठी आधी रस्त्यावरून, पायवाटेवरून रान नीट पाहिलेलं हवं. नकार आला तर आभार मानून नंबर लिहिलेलं कार्ड ठेवा नि निघा. माझ्या दुसऱ्या शेताचा होकार अशाच कार्डावरून, जवळजवळ वर्षाने आला. त्याच्या कोवळ्या रेपवर, म्हणजे त्या पिवळ्या फुलांच्या मोहरीसारख्या पिकावर, कबुतरांचे थवे उतरले होते.

७. शेतकऱ्याला नेमकी भीती कसली असते?

सशांची नसते. पहिली भीती हेअर कोर्सिंगवाल्यांची. रानसशावर कुत्रे सोडून पैजा लावणाऱ्या टोळ्या रात्री-अपरात्री फाटकं तोडून, उभ्या पिकातून गाड्या घालतात आणि हटकलं तर मारहाण करतात. हंटिंग अॅक्ट २००४पासून ते बेकायदा आहेच. २०२२च्या कायद्याने शिक्षा वाढवून सहा महिन्यांच्या कैदेपर्यंत नेली. अनोळखी गाडीतून उतरलेला अनोळखी माणूस ससे विचारतो आहे म्हटल्यावर त्याच्या डोक्यात काय येणार?

दुसरी भीती फाटकांची. उघडं दिसलं ते उघडं, बंद दिसलं ते बंद ठेवायचं. पहिल्याच महिन्यात मी एक उघडं फाटक शहाणपणाने बंद केलं आणि मेंढ्यांचं पाणी पलीकडे राहिलं. एका संध्याकाळचा प्रकार, पण तो म्हातारा अजून त्यावरून टोमणे मारतो.

मग विमा (प्रश्न ९), कुत्रा (प्रश्न १८), आणि तुम्ही उद्या आणखी पाच जण आणाल ही शंका (प्रश्न १७).

८. तोंडी परवानगी चालते का? कागदावर काय हवं?

तोंडी 'हो'सुद्धा परवानगीच आहे. पण खंडकऱ्याने सशांसाठी दिलेला अधिकार लेखीच लागतो (प्रश्न ५), परवान्याच्या अर्जाला कागद लागतो (प्रश्न ११), आणि रस्त्यात पोलिसांपुढे शेतकऱ्याचा 'हो' ऐकू येत नाही. म्हणून स्वतःच एका पानावर टाइप करून न्या आणि सही घ्या. त्याला लिहायला लावू नका.

त्यात दोघांची नावं-पत्ते, शेताचं नाव आणि सीमा दाखवलेला नकाशा, कोणते प्राणी-पक्षी, कोणती बंदूक, कोणत्या वेळा, रात्रीची मुभा आहे की नाही, आणि कधीपासून कधीपर्यंत हे हवं. 'मी मालक आहे / शिकारीचा हक्क माझ्याकडे आहे' असं वाक्य त्याच्या सहीच्या वर घाला. दर वर्षी नव्याने सही घेतलेली बरी. त्या निमित्ताने चहा होतो.

९. विमा सक्तीचा आहे का?

कायद्याने नाही, व्यवहाराने आहे. बॅस्क म्हणजे ब्रिटिश असोसिएशन फॉर शूटिंग अँड कॉन्झर्व्हेशन. तिच्या सभासदत्वात १ कोटी पौंडांपर्यंतचा दायित्वाचा, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाईचा, विमा मिळतो. सभासदाचं कार्ड परवानगीच्या कागदाला टाचणीने लावून न्या. दहा मिनिटांच्या बोलण्याने होत नाही ते काम कधीकधी हे कार्ड करतं.

१०. पैसे द्यायचे का?

ससे आणि कबुतरांसाठी शक्यतो नाही. तुम्ही त्याचं पीक वाचवताय; पैसे आले की व्यवहार आला आणि व्यवहार आला की जास्त पैसे देणाराही येतो. फेझंट या कोंबडीसारख्या शिकारीच्या पक्ष्याचं निराळं आहे, तिथे खरोखर मोठा पैसा फिरतो.

त्याऐवजी हात लावा. गवताच्या गाठी रचायच्या असतील, तार ओढायची असेल, तर जा. नाताळात सगळे व्हिस्कीची बाटली नेतात. माझी बायको डिंकाचे लाडू पाठवते. पहिल्या वर्षी त्यांनी ते मेंढ्यांचं खाद्य समजून गोठ्यात ठेवले होते. आता ऑक्टोबरपासून चौकशी सुरू होते.

११. परवाना आधी की परवानगी आधी? पोलिस म्हणतात जमीन दाखव, शेतकरी म्हणतो परवाना दाखव.

बंदुकीवर अवलंबून आहे. बारा बोअरसाठी, म्हणजे एकदम बरेच छरे उडवणाऱ्या नेहमीच्या शॉटगनसाठी, शॉटगन सर्टिफिकेट लागतं. ते जमिनीचा कागद न दाखवताही मिळू शकतं, कारण मातीच्या चकत्या उडवण्याच्या क्लबात जाणं हेही कारण चालतं. पॉइंट टू-टूसारख्या (.२२ इंच व्यासाची छोटी गोळी) रायफलीसाठी फायरआर्म सर्टिफिकेट लागतं, आणि तिथे 'योग्य कारण' सिद्ध करावं लागतं. ते कारण म्हणजे अमुक जमिनीवर अमुक प्राणी मारायची लेखी परवानगी. सुरुवातीला पोलिस बहुधा तपासलेल्या जमिनीपुरतंच बंधन घालतात.

कोंडी फोडायचा सोपा रस्ता म्हणजे एअर रायफलपासून सुरुवात. वर्षभर शेतकऱ्याने तुमचं वागणं पाहिलं की रायफलच्या अर्जासाठी तो आनंदाने सही करतो. दोन्ही सर्टिफिकेटं पाच वर्षांची असतात आणि अर्जासोबत डॉक्टरकडून तब्येतीची माहिती लागते. व्हिसावर असलेल्यांनाही अर्ज करता येतो.

१२. शेतकऱ्याने 'हो' म्हटलं, मग कबुतरांसाठी आणखी कसलं लायसन?

वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अॅक्ट १९८१ने सगळेच रानपक्षी संरक्षित आहेत. पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी काही जाती मारायची मुभा सरकार 'जनरल लायसन'ने देतं. इंग्लंडमध्ये रानकबुतरासाठी ते जीएल ४२. अर्ज नाही, फी नाही, पण अटी वाचून पाळाव्या लागतात. तुमच्या नावाचा वेगळा कागद नसतो. वेल्सची लायसन्स निराळी आहेत.

दोन अटी महत्त्वाच्या. मारणारा 'अधिकृत व्यक्ती' हवा, म्हणजे मालक, कसणारा किंवा त्यांनी अधिकार दिलेला. तुमची परवानगी इथे पुन्हा कामी येते. आणि बुजगावणी, आवाजाच्या तोफा, जाळी असे न मारण्याचे उपाय करून पाहिलेले हवेत किंवा तिथे ते निरुपयोगी हवेत. म्हणून शेतकऱ्याला विचारून वहीत दोन ओळी लिहून ठेवा: कोणतं पीक, काय नुकसान, काय उपाय केले. २०१९च्या एप्रिलमध्ये 'वाइल्ड जस्टिस' या संस्थेच्या कायदेशीर आव्हानानंतर त्या वेळची तीन जनरल लायसन्स एकाएकी रद्द झाली, आणि ऐन वसंतात शेतकरी कबुतरांकडे बघत बसले. तेव्हापासून मजकूर बरेचदा बदललाय. दर जानेवारीत ताजी प्रत वाचा. 'खायला हवं' किंवा 'हौस' हे कारण त्यात कुठेही नाही.

१३. रविवारी, रात्री, कापणी झाल्यावर लगेच: कधी जायचं, कधी नाही?

ससे आणि कबुतरं रविवारी मारायला कायद्याची आडकाठी नाही. फेझंट, तितराच्या जातीचे पक्षी आणि रानससे मात्र रविवारी आणि नाताळच्या दिवशी मारता येत नाहीत. हे १८३१च्या गेम अॅक्टपासून चालत आलंय. गावातलं चर्च जवळ असेल तर रविवार सकाळ तशीही सोडा.

रात्री सशांवर जायचं तर कागदात तसं स्पष्ट हवं, आणि शिकारीचा हक्क दुसऱ्याकडे असेल तर त्याचीही लेखी संमती हवी. निघण्यापूर्वी शेतकऱ्याला मेसेज टाका. शेजाऱ्याने दिवा पाहून पोलिसांना फोन केला तर पोलिसांना उत्तर शेतकऱ्याला द्यावं लागतं.

मेंढ्या विण्याच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, त्या रानाकडे फिरकू नका. कापणीनंतर धसकटांवर कबुतरं उतरतात तो ऑगस्ट सगळ्यात चांगला. तेव्हा शेतकरी स्वतःच बोलावतो.

१४. पायवाट, रस्ता, घर जवळ असलं तर?

पायवाटेजवळ बंदूक चालवायला सरसकट बंदी नाही. हायवेज अॅक्ट १९८०नुसार रस्त्याच्या मध्यापासून ५० फुटांच्या आत बंदूक झाडली आणि त्यामुळे ये-जा करणाऱ्याला इजा, अडथळा किंवा धोका झाला तर गुन्हा. कायदा एवढाच म्हणतो. मी मात्र माणूस दिसला की बंदूक मोडून, म्हणजे उघडून, हातावर ठेवतो आणि तो नजरेआड होईतो थांबतो. लोक कुत्री घेऊन फिरतात, त्यांची तक्रार शेतकऱ्याकडेच जाते.

मागे माती असल्याशिवाय रायफल झाडायची नाही. पॉइंट टू-टूची गोळी मैलभर जाऊ शकते. टेकाडाच्या धारेवरचा ससा कितीही सोपा दिसला तरी सोडा.

१५. माझा छर्रा किंवा पक्षी शेजारच्या रानात पडला तर?

एअरगनचा छर्रा तुम्हाला परवानगी असलेल्या हद्दीबाहेर जाऊ देणं हा फायरआर्म्स अॅक्टच्या कलम २१एखाली स्वतंत्र गुन्हा आहे. कुणाला लागो न लागो. पक्षी पलीकडे पडला तर बंदूक घेऊन बांध ओलांडू नका (प्रश्न ३). शेजाऱ्याला आधीच भेटून ठेवा. निम्म्या वेळा त्यातून दुसरी परवानगी निघते.

१६. मारलेला ससा कुणाचा? घरी रस्सा करू शकतो का?

गंमत म्हणजे हा वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता. ब्लेड्स विरुद्ध हिग्ज, १८६५: परक्या रानात चोरून मारलेले ससे मारणाऱ्याचे नव्हेत, ज्याच्या जमिनीवर मारले त्याचे, असा निकाल लागला. जिवंत ससा कुणाचाच नाही, मेला की जमीनमालकाचा. तेव्हा कागदातच 'मारलेले प्राणी नेण्यास हरकत नाही' असं लिहून घ्या, आणि दोन ससे साफ करून आधी त्याच्या दारात ठेवा. बहुतेक जण नको म्हणतात.

रस्सा जरूर करा, वाटणाला भाजलेलं सुकं खोबरं घाला. मांस कोरडं असतं, झाकण ठेवून मंद शिजवा. डोळे सुजलेला, सुस्त बसलेला ससा खायचा नाही. १९५३ला इथे आलेला मिक्सोमॅटोसिस रोग अजून गेलेला नाही.

१७. भारतातून भाऊ आलाय, मुलगा तेरा वर्षांचा आहे. बरोबर नेऊ का?

परवानगी तुमच्या नावाची आहे, तुमच्या खानदानाची नाही. आधी शेतकऱ्याला विचारा. नुसतं बघायला येणार असला तरी. शेत खंडाचं असेल तर प्रश्न ५मधली एका माणसाची मर्यादा आठवा.

शेतकऱ्याने 'हो' म्हटलं तर भाऊ तुमची एअर रायफल वापरू शकतो. शॉटगन उसनी द्यायची तर २०१७पासूनच्या नियमानुसार तुम्ही स्वतः त्याच्याजवळ हवेत, आणि इतरांना शिकारीला आणण्याचा अधिकार तुम्हाला जमीनमालकाने लेखी दिलेला हवा. साध्या परवानगीच्या कागदात हे वाक्य नसतं, तेव्हा घालून घ्या. चौदा वर्षांखालच्या मुलाने एअरगन वापरताना एकवीस वर्षांवरचं माणूस देखरेखीला लागतं. चौदा ते सतरा वयाच्या मुलाला परवानगीच्या खासगी जागेवर एकट्याने वापरता येते, पण विकत घेता येत नाही. मी माझ्या मुलाला सोळा होईपर्यंत एकटं सोडलं नाही.

१८. कुत्रा नेला तर चालेल?

मेंढ्या असलेल्या रानात नवख्या कुत्र्याचा आग्रह धरू नका. शेतकरी "जंताचं औषध दिलंय का?" असं विचारेल. तो कुत्र्याची काळजी करत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतून मेंढ्यांना फीतकृमीची लागण होते आणि खाटीक मांस नाकारतो. औषधाची तारीख सांगता आली पाहिजे.

१९. ससे मारताना समोर फेझंट आला. एखादा मारला तर काय बिघडतं?

परवानगी बिघडते. सशा-कबुतरांच्या कागदात फेझंट नसतो. तो बहुधा कुणीतरी पैसे खर्चून वाढवून सोडलेला असतो आणि त्यावर गेमकीपरची, म्हणजे शिकारीचे पक्षी सांभाळणाऱ्या नोकराची, नजर असते. त्याचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. त्या काळात तुम्ही कोणत्या कोपऱ्यात केव्हा जाणार हे गेमकीपरला आधी कळवा. त्याच्या शिकारीच्या आदल्या दिवशी तुम्ही पक्षी बुजवलेत तर शेतकरीही तुम्हाला वाचवू शकणार नाही.

२०. स्कॉटलंडमध्ये तर कुठेही फिरायचा हक्क आहे म्हणे?

फिरायचा आहे. लँड रिफॉर्म (स्कॉटलंड) अॅक्ट २००३च्या त्या हक्कातून शिकार, नेमबाजी आणि मासेमारी वगळलेली आहे. तिथे ३१ डिसेंबर २०१६पासून एअरगनलाही सर्टिफिकेट लागतं. इंग्लंडमधून बिनपरवान्याची एअरगन डिकीत टाकून सीमा ओलांडणारे आपले दोघे-तिघे मला माहीत आहेत. त्यांनी हे दोनदा वाचावं. उत्तर आयर्लंडचे नियम याहून कडक आहेत.

२१. सुट्टीला गावी गेलो की आमच्याच रानात ससा, तितर मारला तर? मालक वडीलच आहेत.

नाही. तिथे शेतमालकाची परवानगी हा विषयच नाही, कारण मालकालाच तो हक्क नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या कलम ९ने अनुसूचीतल्या प्राण्यांची शिकार बंद आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ससा, तितर, लाव्हा, सगळे त्यात आले. आजोबांच्या काळातल्या शिकारीच्या गोष्टी आजोबांबरोबर गेल्या.

रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलं असेल तर कलम ११खाली परवानगी निघू शकते, पण ती वनखात्याकडून आणि लेखी. नुकसानभरपाईचा अर्जही तिथेच. चुलत्याचा फोन येतो, "तू तिकडं बंदूक चालवतोस, इकडं येऊन दोन डुकरं पाड की." मी त्याला तालुक्याच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचं ऑफिस कुठे आहे ते सांगतो.